क्रेडिट्स आहेत पण सुपरकॉम्प्युटरवर जॉब (चालवायचा प्रोग्राम) टाकता येईना, ॲक्सेस (अमेरिकेतल्या संशोधकांना सुपरकॉम्प्युटर वापरायला देणारी योजना) वापरणारं कोणी आहे का इथे?

रांगेतला_जॉब
अमेरिकेत पीएचडी करतोय. सरांनी गेल्या वर्षी ॲक्सेसवर एक्सप्लोअरची (सगळ्यात छोट्या प्रकारची) रिक्वेस्ट टाकून मला त्यात ॲड केलं, मंजूर पण झाली, मग कोर्सवर्कच्या नादात तशीच पडून राहिली. आता बघतो तर 2,00,000 क्रेडिट्स जसेच्या तसे आणि ब्रिजेस-2 या सुपरकॉम्प्युटरवर माझं अकाउंटच नाही, वर मुदत संपायला महिना राहिलाय. नवीन रिक्वेस्ट टाकायची का? रिक्वेस्ट, ॲक्शन, ऑपॉर्च्युनिटी, डोकं गरगरतंय नुसतं.

नोडवाली_ताई
अरे क्रेडिट म्हणजे कॅन्टीनचं कूपन. खिशात आहे म्हणून वडा पानात पडत नाही, खिडकीवर जाऊन बदलून घ्यावं लागतं. तसं आधी एक्स्चेंज टाकायचं, की इतके क्रेडिट्स घ्या आणि ब्रिजेस-2 चे तास द्या. मशीन पिट्सबर्गच्या सेंटरचं, ती माणसं बघून होकार देतात आणि मग तुझं अकाउंट. प्रत्येक मशीनचा भाव वेगळा, जीपीयू घेतलास तर क्रेडिट्स भराभर जातात. आणि स्टोरेज वेगळं माग बाबा, मी विसरले होते, जॉब तयार आणि डेटा ठेवायला जागा नाही.

जुना_क्लस्टरकर
नवीन रिक्वेस्ट अजिबात नको. मागे जे सॉफ्टवेअर आहे ना, एक्सरास, त्याची रचना एकदा कळली की सोपं आहे. ऑपॉर्च्युनिटी म्हणजे भरतीची जाहिरात, कोणी अर्ज करायचा, काय जोडायचं, कधीपर्यंत. एक्सप्लोअर, डिस्कव्हर, ॲक्सेलरेट हे चढत्या आकाराचे प्रकार बारमाही उघडे, सगळ्यात मोठा मॅक्झिमाइज वर्षातून दोनदाच. रिक्वेस्ट म्हणजे तुमच्या प्रोजेक्टची फाइल, ती एकदाच उघडते, आणि ॲक्शन म्हणजे त्या फाइलला पुढे लागत जाणारे कागद. मुदत हवी तर एक्स्टेन्शन, क्रेडिट्स कमी पडले तर सप्लिमेंट (एक्सप्लोअरची मर्यादा 4,00,000, म्हणजे तुम्हाला जागा आहे). मुदत संपायच्या आत टाका मात्र. 2022 च्या सप्टेंबरआधी ॲक्सेसच्या जागी एक्सीड ही योजना होती तेव्हा मोठ्या अर्जाला तीन-तीन महिने पॅनेलची वाट बघायचो, तुमचं बरंय.

रांगेतला_जॉब
पण मला एक्स्चेंजचं बटणच दिसत नाहीये??

नोडवाली_ताई
रोल काय लिहिलाय तुझ्या नावापुढे? नुसता यूजर असशील तर दिसणारच नाही. पीआय (प्रोजेक्टचा प्रमुख), को-पीआय (सहप्रमुख) किंवा अलोकेशन मॅनेजर लागतो. सरांना सांग मॅनेजर करायला, दोन मिनिटांचं काम.

रांगेतला_जॉब
यूजरच आहे 🤦 सर कॉन्फरन्सला गेलेत, व्हॉट्सॲप टाकलाय, अजून एकच टिक.