सीरममधलं बीएमपी-२ एलायझाने मोजण्यात अर्थ आहे का?

धागाकर्ता, नांदेड
टिबिया (नडगीचं हाड) फ्रॅक्चरचे ४० रुग्ण, ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात रक्त. सोबत ४० निरोगी. सीरममधलं बीएमपी-२ (हाड घडवायला लावणारं प्रथिन) सँडविच एलायझाने, म्हणजे दोन अँटिबॉडींमध्ये पकडून रंगावरून मोजायचं, असा प्रबंधाचा विषय आहे. एक ९६ वेलची प्लेट पुरेल का? आणि आकड्यांवर विसंबता येईल का?

पिपेटवाला, संभाजीनगर
पुरत नाही. स्टँडर्डचे (माहीत असलेल्या प्रमाणाच्या बीएमपी-२ चे) आठ बिंदू दुबार लावले की १६ वेल गेले. उरले ८०, म्हणजे दुबार ४० नमुने, आणि प्लेट तपासायच्या कंट्रोल नमुन्यांना जागाच नाही. तीन प्लेटा धरा. प्रत्येक प्लेटवर दोन्ही गट मिसळून लावा, नाहीतर प्लेटांमधला फरक आजाराच्या नावावर खपेल.
मुळात माझा या मोजणीलाच विरोध आहे. बीएमपी-२ रक्तात अगदी थोडं, पिकोग्रॅमच्या घरात, त्यातही नॉगिनसारख्या प्रथिनांना चिकटलेलं. बफरमध्ये सरळ येणारी स्टँडर्ड कर्व्ह सीरमची हमी देत नाही.

हाडवैद्य, लातूर
एवढं घाबरवू नका की हो पोराला. खरा आकडा कुणाला हवाय? दोन गटांतला फरक हवा. चूक असेल तर दोन्हीकडं सारखीच. रक्त साध्या ट्यूबमध्ये अर्धा तास गोठू द्या, १००० जी वर १५ मिनिटं फिरवा, लहान भाग करून उणे ८० ला ठेवा.

पिपेटवाला
सारखी नसते, डॉक्टर, तिथंच गाडी अडते. ऑपरेशननंतर काही रुग्ण हेपरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध) असतात, निरोगी गट नसतो. बीएमपी-२ हेपरिनला धरून बसतं. अँटिबॉडीची जागा झाकली गेली तर आकडा उगाच उतरतो. उलट ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (काहींच्या रक्तात असणारी, अँटिबॉडींनाच चिकटणारी अँटिबॉडी) दोन्ही अँटिबॉडींना जोडून आकडा फुगवू शकतो.
आधी दोन्ही गटांतले थोडे नमुने स्पाइक करा, म्हणजे माहीत असलेलं बीएमपी-२ घालून त्यातलं किती परत दिसतं (रिकव्हरी) ते बघा. १९० मायक्रोलिटर सीरममध्ये ८००० पिकोग्रॅम प्रति मिलि स्टँडर्डचे १० मायक्रोलिटर, म्हणजे भर ४०० ची. जोडीच्या नळीत तेवढाच डायल्युएंट (नुसता पातळ करायचा द्रव). साधी नळी ६० आणि स्पाइकवाली २९० दाखवत असेल तर २३० भागिले ४००, रिकव्हरी जेमतेम ५७ टक्के. ८० ते १२० मध्ये बसत नसेल तर पुढचे नमुने वाया घालवू नका.

कोल्डचेन, परभणी
वादात मे महिना विसरू नका. कागदावरचं ‘रूम टेंपरेचर’ आपल्याकडचं नव्हे. उन्हाळ्यात टीएमबी (रंग देणारं द्रव्य) भराभर निळं होतं, कडेचे वेल सुकतात. कूलरचा झोत प्लेटवर आला तर एकाच बाजूचे आकडे चढलेले दिसतात. सीलर लावा, एसी खोलीतच बसा. वॉश बफरमध्ये सोडियम अझाइड नको, एचआरपी (तो रंग आणणारं एन्झाइम) निकामी होतं. रीडर यूपीएसवर हवा: स्टॉप सोल्युशन टाकल्यावर लाइट गेली तर प्लेट थांबत नाही. रक्तपेशी फुटून लालसर झालेलं सीरम घेऊच नका.

हाडवैद्य
स्पाइक मान्य. पण मग मोजायचं काय, पी१एनपी? ते कोलॅजन किती बनतंय ते सांगतं, तेही अख्ख्या सांगाड्याचं. प्रबंधाचा प्रश्नच बदलला की.

पिपेटवाला
आणि दंडाच्या शिरेतलं बीएमपी-२ नडगीचं सांगतं असं थोडंच आहे? प्रश्न तोच ठेवायचा तर नमुना बदला. ऑपरेशनच्या वेळी निघणारा हिमॅटोमा (फ्रॅक्चरजवळ साकळलेलं रक्त) एथिक्स कमिटीची परवानगी काढून घ्या, प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घालून लगेच बर्फात ठेवा, आकडा एकूण प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे द्या. स्पाइक तिथंही लागेलच. निरोगी गट मात्र तिथं मिळणार नाही. तुलना वेळेत जुळलेल्या आणि न जुळलेल्या रुग्णांतच करावी लागेल.