मदत हवी आहे : 'मुळे'चं इंग्रजी पोरांच्या डोक्यात कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यात दहावीला इंग्रजी शिकवतो. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यावर कारण आणि परिणाम सांगणारा परिच्छेद लिहायला दिला होता. विषय घरचा, पोरं भरभरून लिहितात. पण वाक्यं उलटी पडतात.

सगळ्यात जास्त घोळ 'रिझल्टेड इन' आणि 'रिझल्टेड फ्रॉम'चा. वर्गातल्या एका हुशार मुलीनं लिहिलं, 'द वॉटर शॉर्टेज रिझल्टेड इन द ड्रॉट'. म्हणजे टंचाईमुळे दुष्काळ पडला! मराठीत 'मुळे' कारणालाच चिकटतं, मग ते वाक्यात कुठंही ठेवा. इंग्रजीत मात्र 'इन'नंतर परिणाम, 'फ्रॉम'नंतर कारण. 'लेड टू'च्या पुढंही परिणामच. फळ्यावर बाण काढून सांगतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच.

शिवाय 'बिकॉज'नं वाक्य सुरू केलं की पुढं 'सो' येतोच. आपल्या 'जर-तर'सारखी जोडी लावायची सवय असावी.

एक शंका माझी स्वतःची. जुन्या व्याकरणात 'ड्यू टू' नामाशी जोडायचं, जसं 'द शॉर्टेज वॉज ड्यू टू पुअर रेन'. क्रियेचं कारण सांगायला 'बिकॉज ऑफ'. हल्ली 'ड्यू टू' दोन्हीकडं सर्रास दिसतं. मग पोरांचे गुण कापावेत का? बोर्डाचे पेपर तपासलेल्यांनी जरूर सांगा. आणि 'इन-फ्रॉम' पक्कं करायला तुमच्या वर्गात काय चाललं, तेही कळवा. पुढच्या सोमवारी पुन्हा हाच धडा घ्यायचाय.