घडीचा चाकू: त्याला आणि त्याच्या भागांना तुमच्याकडे काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. मला रोजच्या वापरातले घडीचे चाकू मनापासून आवडतात. शोकेसमधले नाही, तर सुतळी कापून, आंबा चिरून, पेन्सिलीला टोक काढून पातं झिजलेले. पण त्यांच्याबद्दल मराठीत बोलायला गेलं की शब्द कमी पडतात असं वाटतं. पातं, मूठ, धार, पाठ, टोक इथपर्यंत ठीक. पात्यावर नख अडकवून उघडायला जी बारीक खोबण असते तिला आमच्याकडे नखाची खाच म्हणतात आणि मुठीच्या पाठीला जी स्प्रिंगची पट्टी असते ती कमान. लॉक वगैरे काही नसतं, पात्याच्या बुडाला सपाट कडा असते तिच्यावर कमान दाबून बसते म्हणून चाकू उघडा राहतो, आणि मिटताना पातं अर्ध्यावर आलं की पुढचं स्वतःच टक्कन आत जातं. कमान ढिली पडली की तो चाकू कामाचा नाही, बोट कापणार. तुमच्याकडचे शब्द सांगा ना, आणि चाकू आणि सुरी यात फरक करता का तेही.

---

फरक आहेच! आमच्या घरी मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी. हल्ली किचनमधल्या सगळ्यालाच चाकू म्हणतात, पण जुनी माणसं अजूनही घोळ करत नाहीत. सुरी संस्कृत क्षुरिकेवरून आली, क्षुर म्हणजे वस्तरा, क्षौर त्यातलंच. चाकू आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत तुर्कीतून गेला असं मानतात, आणि गंमत म्हणजे तुर्कीत आजही 'चाकी' म्हणजे खिशातला मिटणारा चाकूच. म्हणजे जुन्या माणसांचं बरोबर आहे.

आणि स्वयंपाकघरात तर विळी होती, पातं जागेवर आणि भाजी फिरते, त्यामुळे चाकूची जागा मुळात खिसा, पिशवी नाहीतर शेत हीच.

---

शेत म्हणालात म्हणून लिहितो. रत्नागिरीकडे कलमं बांधणाऱ्या माणसाच्या हातातला चाकू बघा एकदा, माझ्या मते आपल्याकडचा खरा कामाचा चाकू तोच. त्याला कलमाचा चाकू म्हणतात, डोळे भरायचा, म्हणजे काडीऐवजी नुसता डोळा सालीखाली बसवायचा असेल, तर मागच्या टोकाला साल उचलायला चपटी पट्टी असते. चांगल्या कलमाच्या चाकूचं पातं एकाच बाजूने घासलेलं असतं, दुसरी बाजू एकदम सपाट, कारण काप सपाट यायला हवा. कोय कलमात कोयीतून उगवलेलं रोप अगदी कोवळं असतं, पानं अजून तांबूस असतात, तेव्हाच त्याचा शेंडा उडवून खोडाला मधोमध चीर देतात, मग हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात, ती चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. पाचर तासताना पातं एका ओढीत गेलं पाहिजे, दोनदा ओढलं की काप वरखाली होतो, मध्ये फट राहते आणि कलम धरत नाही. म्हणून ते लोक चाकू दुसऱ्या कोणाला सुतळी कापायलासुद्धा देत नाहीत आणि मला ते शंभर टक्के पटतं. चीक लागला की लगेच पुसतात.

आणि शब्दचर्चाच आहे तर, कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे झाडाचं कलम, दोन्ही फारसीतून आलेल्या एकाच अरबी शब्दाचे. मूळ अर्थ बोरू. बोरूचं टोक तिरपं कापायच्या चाकूला फारसी-उर्दूत कलमतराश म्हणतात. लेखणी तासणं आणि काडी तासणं, हाताची चाल तीच.

---

वा, कलमतराश! मस्त माहिती रत्नागिरीकर.

कोकणातलंच अजून एक, कोयती कमरेला मागे अडकवतात त्या अडकवणीला आमच्यात आकडी म्हणतात. कोयती मिटत नाही, म्हणून आकडी लागते.

---

मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. पेपरमध्ये घडीचा चाकू, खटक्याचा चाकू, बटनाचा चाकू हे शब्द फक्त गुन्ह्याच्या बातमीत येतात. रामपुरीचं तेच झालं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं ते काम, नवाबी काळापासूनचं, पितळी मूठ, नक्षी, पण हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हातात दिला तो कायमचाच. नंतर तिथे साडेचार इंचांपेक्षा मोठ्या पात्यावर बंदी आली आणि धंदा बसला. 2023 मध्ये रामपुरात चौकात 20 फुटी चाकू उभा केलाय, पण कारागिराला काम मिळालं तर खरं. बाकी रामपुरीला खटका असतो, वर सांगितलेल्या कमानीच्या चाकूला नसतो, दोघांना एकाच नावाने बोलावू नका कृपया.

---

मी फ्रान्समध्ये असते. इथल्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये केलेला चाकू अजून तसाच बनतो, बीच लाकडाची गोल मूठ, 1897 पासून 1 ते 12 असे नंबर होते, त्यातले 1 आणि 11 पुढे बंद झाले. 8 नंबर सगळ्यात जास्त दिसतो, साडेआठ सेंटिमीटरचं पातं. पात्याच्या बुडाशी लोखंडी कडं असतं, ते फिरवलं की पातं अडकतं, हे कडं 1955 मध्ये आलं. मी त्याला सरळ 'कडं' म्हणते आणि घरी सगळ्यांना कळतं! पावसात लाकूड फुगलं की पातं निघता निघत नाही. आणि कार्बन स्टीलचं घेतलंत तर कैरी कापल्यावर पातं काळं पडेल, ते खराब झालं असं समजून घासत बसू नका, गंज वेगळा आणि हा काळेपणा वेगळा.

---

धारेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडं.

धार लावतात. धार काढतात ती म्हशीची! पाजवणे हा जुना छान शब्द आहे, आमच्याकडे कोयता अजून पाजवतात. लोहार पाणी देतो म्हणजे तापवलेलं पातं पाण्यात नाहीतर तेलात बुडवून कडक करतो, पाणीदार पातं म्हणतात ते यावरून. आता महत्त्वाचं. ग्राइंडरवर जोरात धार लावली की पातळ कडा तापते, साधं कार्बन पोलाद 300 अंशांच्या आसपास निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, आठवड्यात बोथट. चांगला चाकू धारवाल्याच्या चाकावर देऊच नका, निसणा वापरा, कुरुंदाचा दगड मिळाला तर उत्तमच, दगड ओला ठेवायचा आणि अंगठ्याने नाही तर कागद कापून बघायचं.

---

सगळ्यांचे मनापासून आभार! आकडी, कुरुंद, पाचर सगळं वहीत लिहून घेतलं. रत्नागिरीकर, एकाच बाजूने घासलेल्या पात्याला, म्हणजे त्या सपाट बाजूला आणि उताराच्या बाजूला कलमवाले वेगवेगळे शब्द वापरतात का? विचारून सांगाल का? आणि सांगली-नाशिकचे द्राक्षवाले कोणी असाल तर डॉगरिज जातीच्या खुंटावर (ज्या मुळाच्या झाडावर कलम बसवतात त्यावर) कलम करताना चाकू कुठला वापरता आणि त्याला काय म्हणता तेही लिहा.