काकांचे जुने रोटरिंग पेन चालू करू की सरळ फाइनलायनर घेऊ?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितेय. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली आणि मग चित्रकला जी सुटली ती सुटलीच. आता परत सुरू करायचंय आणि ते शाईनंच, कारण मला रंगापेक्षा रेघ जास्त आवडते. विषय पण पक्का आहे, मेणवलीचा वाडा नि घाट, वाईची देवळं, आणि आमच्याच गल्लीत जुनी घरं आहेत त्यांचे लाकडी सज्जे कधी उतरवतील सांगता येत नाही, ते पडायच्या आत कागदावर यायला हवेत.

तर माझे काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, त्यांनी त्यांचा रोटरिंगच्या आयसोग्राफ पेनांचा (नळीसारख्या टोकाचे, शाई भरायचे ड्रॉइंगचे पेन) सेट मला दिलाय. डबी छान आहे, पेनांवर रंगीत रिंगा आहेत पण आकडे पुसलेत, आणि आत शाई वाळून पार घट्ट झालीये, हलवलं तर काही आवाज नाही. हे पेन परत चालू होतात का? का सरळ मायक्रॉन वगैरे फाइनलायनर (आयत्या शाईचे बारीक टोकाचे पेन) घेऊन सुरुवात करू, आणि केलीच तर कुठल्या नंबरनं? मला वरून हलका वॉटरकलरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पण द्यायचाय तेव्हा शाई फुटायला नको. आणि मेंटेनन्स नक्की काय असतो तेही कुणीतरी नीट सांगा, काकांना आता फारसं बोलवत नाही.

टीस्क्वेअर:
ताई, ते पेन अजिबात टाकू नका. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डवर गेली, कॉम्प्युटरवरचं कॅड यायच्या आधी, आणि हे पेन माणसाला आयुष्यभर पुरतात, फक्त शाई आत वाळू द्यायची नसते.

आधी माप ओळखा. आकडा पुसला तरी रिंगेच्या रंगावरून कळतं. लाल म्हणजे ०.१८ मिमी, पांढरी ०.२५, पिवळी ०.३५, तपकिरी ०.५, निळी ०.७. ही मापं उगाच ठरवलेली नाहीत, प्रत्येक पुढचं माप आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे. कागदाचं पण तसंच, ए४ ची ए३ केली की लांबी-रुंदी तेवढ्याच पटीत वाढते, म्हणजे ०.३५ नं काढलेलं ड्रॉइंग ए३ वर मोठं केलं की रेघ बरोबर ०.५ ची होते आणि दुरुस्ती करताना ०.५ च्या पेनानं रेघेला रेघ जुळते.

आता साफसफाई. पेन सुटा करा, शाईची टाकी वेगळी, निबचा भाग वेगळा. वाटीत कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि रात्रभर भिजवा. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. सकाळी पाणी काळं झालं असेल, ते बदला, परत भिजवा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करत राहा. जुनी शाई असेल तर चार-सहा दिवस पण लागतात, घाई करून पिनेनं टोकरू नका. मधेमधे इंजेक्शनच्या सिरिंजनं, सुई काढून, निबच्या मागच्या बाजूनं हळू पाणी ढकला.

निबच्या नळीत केसासारखी तार असते आणि तिच्या मागच्या टोकाला छोटं वजन. पेन हलवला की ते वजन मागेपुढे सरकतं, तार नळीतून जाते-येते आणि वाळायला लागलेली शाई मोकळी करते. चालू पेन कानाशी धरून हलवला तर टिक-टिक ऐकू येते. तुमच्यात आवाज नाही म्हणजे वजन शाईत अडकलंय, तुटलंय असं नाही. आवाज आला की निम्मं काम झालं. पण लाल रिंगेच्या किंवा त्याहून बारीक निबमधली तार बाहेर काढायच्या फंदात पडू नका, एकदा वाकली की परत नळीत जात नाही, आणि सुटी निब मिळते पण स्वस्त नसते. भिजवूनही हललं नाही तर चष्म्याच्या दुकानात किंवा सोनाराकडे अल्ट्रासॉनिक मशीन असतं, ओळख काढून निब त्यात टाकून बघा, बऱ्याचदा तिथे सुटते.

शाई टेक्निकल पेनचीच भरा. आणि काकांना पेन हातात देऊन बघा, बोलणं कमी झालं तरी हाताला आठवतं.

पाऊलवाट:
टीस्क्वेअर काकांशी सहमत, पण ते पेन भिजत असताना कृष्णाकाठ तू बसून राहू नकोस, दोन फाइनलायनर घेऊन ये आणि आजच सुरू कर. मी दर रविवारी बाहेर बसून स्केच करते, पर्वतीच्या पायऱ्यांवर नाहीतर तुळशीबागेच्या आसपास, आणि उभ्याउभ्या काढायला फाइनलायनरसारखं सोयीचं काही नाही.

नंबरात मात्र लोक फसतात. मायक्रॉनचा ०५ म्हणजे ०.५ मिमी नाही, ०.४५ आहे. ०१ म्हणजे ०.२५, आणि ००५ म्हणजे ०.२०. सुरुवातीला ०१ आणि ०५ एवढे दोन बास, जवळचं जाड, लांबचं बारीक, एवढ्यावरच चित्राला खोली येते. अख्खा सेट घेऊ नको. स्टेडलरचा पिगमेंट लायनर किंवा युनि पिन पण चालेल. पॅकवर पिगमेंट आणि वॉटरप्रूफ असं लिहिलेलं बघून घे, नुसती डायची (विरघळणाऱ्या रंगाची) शाई वॉशखाली पसरते आणि उन्हानं उडते पण.

वॉशचं म्हणशील तर दुकानदारावर विसंबू नको, तुझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मार, पाच मिनिटं थांबून ओला ब्रश फिरव, मग अर्ध्या तासानं दुसऱ्या रेघांवर फिरव. दोन्हीतला फरक बघितलास की तुझ्या कागदावर किती थांबायचं ते कळेल. जुलैमध्ये हा वेळ खूप वाढतो, हवाच ओली असते.

काळजी म्हणजे काय, टोपण टक् आवाज येईपर्यंत लावायचं, पेन आडवा ठेवायचा, आणि दाबायचं नाही. टोक प्लास्टिकचं असतं, दाबलं की आत जातं आणि मग शाई शिल्लक असून पेन गेला. पेन्सिलीच्या गडद कामावरून पण नको ओढू, ग्रॅफाइट टोकात भरतं. खाली स्केच करायचंच तर एच नाहीतर एचबीनं अगदी हलकं.

दौत_टाक:
माझं मत जरा वेगळं आहे. रेघ आवडते म्हणताय ना, मग टाकानं सुरू करा. फाइनलायनर आणि आयसोग्राफ दोन्हींची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जाडी देते, टाकाच्या निबला दाब दिला की रेघ फुगते, सोडला की बारीक होते, एकाच ओढीत सज्ज्याचं लाकूड पण येतं आणि त्यावरची सावली पण. निको किंवा झेब्राची ‘G’ नावाची निब, एक होल्डर आणि कॅमलच्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची छोटी बाटली, एवढ्यात काम होतं.

नवीन निबला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, त्यामुळे शाई गोळा होऊन टपकते आणि लोकांना वाटतं निबच खराब आहे. आधी साबणानं धुऊन कोरडी करा. बुडवताना निबच्या मधल्या भोकापर्यंतच, दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई परत जाऊ द्या. मधूनमधून ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि काम झालं की धुऊन पूर्ण कोरडी करूनच डबीत, पावसाळ्यात तर डबीत सिलिका जेलची पुडी टाकाच.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, बाटलीतली ही ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. अशा बऱ्याच शायांमध्ये लाख असते, ती वाळली की पाण्यानं सुटतच नाही. फाउंटन पेननंच काढायचं असेल तर त्याच्यासाठी बनवलेली पिगमेंट शाई मिळते, प्लॅटिनम कार्बन किंवा सेलरची किवागुरो, आणि ती भरली तरी पेन आठवडेच्या आठवडे पडून राहू द्यायचा नाही. म्हणून नवीन माणसानं शाई आधी ठरवावी आणि पेन नंतर.

रेघ बघायला शिकायचं तर शि. द. फडणीस आणि मारिओ मिरांडा या व्यंगचित्रकारांची चित्रं शेजारीशेजारी ठेवून बघा. फडणीसांची रेघ किती थोडक्यात काम करते, आणि मिरांडांच्या गोव्यात फरश्या, खिडक्या, कौलं सगळं बारीक रेघांनी भरलेलं, तरी माणूस हरवत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार! पांढऱ्या रिंगवाल्यातून आज टिक-टिक आली, काकांच्या कानाशी नेऊन हलवला तर ते हसले. पिवळा अजून गप्प आहे. ०१ आणि ०५ आणलेत. टाक पण घेणार आहे, पण घरी बसून काढायला. आता दोनच प्रश्न, आयसोग्राफनं खरबरीत वॉटरकलर पेपरवर काढलं तर चालेल का, आणि बाहेर नेताना गळतो म्हणतात ते खरं का?

टीस्क्वेअर:
वा, फार बरं वाटलं वाचून. पिवळ्याला अजून भिजू द्या, सुटेल.

खरबरीत कागद नको. कागदाचे तंतू नळीत अडकतात आणि टोक पण झिजतं. गुळगुळीत कार्ट्रिज पेपर किंवा ब्रिस्टल पेपर घ्या, हलका वॉश द्यायचा तर हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत वॉटरकलर पेपर. पेन जवळजवळ उभा धरा आणि नुसता सरकवा, वजन हाताचं नाही, पेनाचं. ट्रेसिंगवर आम्ही चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडनं खरवडून काढायचो, तसं कार्ट्रिजवर करू नका, कागद फुलतो आणि वरून मारलेली शाई पसरते.

गळतो ते खरं आहे, पण कारण कळलं की टाळता येतं. टाकीत शाई कमी आणि हवा जास्त असली की हाताच्या उबेनं हवा फुगते आणि शाई खाली ढकलते, टोकाशी थेंब येतो. पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात तरी तेच, वर हवेचा दाब कमी. म्हणून नेताना टोक वर करून ठेवा, पोचल्यावर टोपण काढताना खाली फडकं धरा, आणि टाकी अगदी संपेपर्यंत न थांबता भरत राहा. हलवायचा तो आडवा धरून आणि टोपण लावून, टोक खाली करून झटकलात तर शाई टोपणात जाते.

रोज चार रेघा जरी मारल्यात तरी पेन वाळत नाही. पण महिनाभर हात लागणार नाही असं वाटलं तर शाई काढून धुऊन कोरडा करून ठेवा. लाल रिंगवाला सेटमध्ये असेल तर तो सगळ्यात शेवटी भरा, आधी पांढऱ्यावर हात बसू द्या.