शब्दचर्चा: 'तारण', 'निवड' आणि ख्रिस्ती इच्छास्वातंत्र्य

एका ख्रिस्ती लेखाचं मराठी करतेय आणि अडकलेय. मुद्दा साधा आहे, देव सगळ्यांना सॅल्व्हेशन ऑफर करतो, घ्यायचं की नाही ते माणसाच्या फ्री विलवर. 'मुक्त इच्छा' लिहिलं तर बोध होत नाही आणि 'मोक्षाचा प्रस्ताव' मलाच वाचवत नाही. चर्चला जाणारी मंडळी खरोखर काय म्हणतात?

---

आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, आमच्यात तारणच. "अमक्याचं तारण झालं", "तारणारा येशू" असंच बोलतात. मोक्ष नको, त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका येते, इथे सुटका पापापासून आहे. मुक्ती चालेल, मुक्तीफौज (साल्व्हेशन आर्मी) 1882 साली मुंबईत आली तेव्हापासून नाव तेच आहे, शिवाय पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन. उद्धार मात्र टाळा, बोलताना उद्धार म्हटलं की कुणाच्या तरी आईबापाचाच होतो :)

---

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला तारण म्हटलं की सोनंच दिसतं हो. सोनेतारण कर्ज, विनातारण कर्ज. हा शब्द तोच का?

---

तोच की, तारणे वरून. एक बुडत्या माणसाला तारतं, दुसरं बुडत्या कर्जाला. फक्त बँकेत तारण कर्जदार ठेवतो, आणि बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे.

पण ताई, तुमचं खरं दुखणं नामात नाही, क्रियापदात आहे. मराठीत तारण होतं, मिळतं, माणूस तारण पावतो, "मी माझं तारण केलं" असं कुणी म्हणत नाही. म्हणजे कर्ता माणूस नाहीच. आणि मग प्रवचनात शेवटी पाळक विचारतात, येशूला स्वीकारलं का, तिथे एकदम कर्ता माणूस होतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर दोन्ही एका दमात आहे, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या म्हणतो आणि लगेच पुढे, तुमच्यात इच्छा निर्माण करणारासुद्धा देवच. ह्याच्यावरूनच ऑगस्टीन (कृपेशिवाय माणसाला जमतच नाही म्हणणारा) आणि पेलाजियस (माणसाला स्वतःच्या इच्छेने जमतं म्हणणारा) पाचव्या शतकात भांडले, मग 1525 साली प्रोटेस्टंटांच्या ल्यूथरने इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या इरॅस्मसला सुनावलं की माणसाची इच्छा पापाने बांधलेली आहे, तिला स्वतंत्र म्हणूच नका.

'निवडीचं स्वातंत्र्य' लिहायचं मनात असेल तर तेही जपून. बायबलात निवड बहुतेक वेळा देवाची असते. योहान 15:16 बघा, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलंय. कुणाचं तारण होणार हे देवच निवडतो म्हणणारे कॅल्व्हिनवाले इथेच बोट ठेवतात. 1618-19 ला हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेत त्यांनी अर्मिनियसच्या अनुयायांचं म्हणणं फेटाळलं, ते लोक म्हणत होते की कृपा सगळ्यांसाठी आहे पण माणूस ती नाकारू शकतो. तुमचा लेख ह्या दुसऱ्या बाजूचा दिसतोय, जॉन वेस्लीच्या पंथाचे मेथडिस्टही ह्याच बाजूचे.

---

वसईहून. कॅथलिक बाजू राहिली म्हणून लिहितो. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवलं की पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, तिच्याशिवाय माणूस हलूच शकत नाही, पण कृपेने हलवल्यावर तो होकार देऊ शकतो आणि नकारही. म्हणून आम्हाला 'स्वीकारणे'पेक्षा 'प्रतिसाद देणे' बरं वाटतं, आधी कुणीतरी हाक मारलीय हे त्यात येतं.

---

हे तर आपलं माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू झालं, श्रीवैष्णवांमधलं. माकडाचं आईला धरून बसतं, मांजराचं तोंडात धरून नेलं जातं, म्हणजे भक्ताने देवाला धरायचं की देवानेच त्याला उचलायचं हा वाद.

---

जवळपास, पण नेमकं नाही. मांजराचं पिल्लू नाही म्हणत नाही. ख्रिस्ती वादात सगळी मारामारी त्या 'नाही'वर आहे. ल्यूथरनांचं तर असं की तारण झालं तर सगळं श्रेय देवाचं, नाकारलं तर दोष सगळा माणसाचा. तर्काला हे बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे, तरी सोडत नाहीत.

---

सगळ्यांचे आभार. फ्री विलला 'इच्छास्वातंत्र्य' ठेवते, जड आहे पण चुकीचं नाही. ऑफरला 'देऊ केलेलं तारण', कारण देऊ केलं म्हणजे अजून घेतलेलं नाही हे मराठीत आपोआप कळतं. 'प्रतिसाद' मलाही आवडला होता पण मूळ लेखक मेथडिस्ट निघाला आणि त्याने पानोपानी 'स्वीकारा, आजच स्वीकारा' असंच लिहिलंय, मग तेच राहू दे.

---

वेस्लीवाला असेल तर 'आधी येणारी कृपा' (माणसाने होकार देण्याआधीच देवाने दिलेली) हा शब्दप्रयोगही कुठेतरी येणारच, त्याचं काय करताय?