लाखेचं पॉलिश पावसाळ्यात टिकत नाही
दादा, तुम्ही म्हणताय लाकडी धनुष्याला लाखेचं पॉलिश मारलं अन् पहिल्याच पावसात पांढरं पडलं, होणारच की ओ, लाखेला ओल चालत नाही. आमच्या साताऱ्यात जुलैमध्ये लाकूड नुसत्या हवेतनंच ओल ओढतं, मग धनुष्याला बाक बसतो आणि बाणाचा जोर जातो. (आपली तिरंदाज अदिती स्वामी २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिचं कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं धातू-फायबरचं धनुष्य, तिला ही झंझट नाय!) मी ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरनं घासून स्पार व्हार्निशचे (पाण्याला टिकणारं, लवचिक व्हार्निश) पातळ तीन हात देतो, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, घाई करून जाड थापलं की वाकताना तडकतं, आणि टोकांना एक हात जास्त कारण पाणी तिथनंच शिरतं. जवसाचं तेल वापरलंत तर फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.