मदत हवी आहे : फ्रेंचमध्ये दृश्यवर्णन करताना ‘दे’चे ‘द’ केव्हा होते?

नमस्कार. फ्रेंचमध्ये खोलीचे वर्णन करताना ‘इल् या दे शेझ’, म्हणजे ‘खुर्च्या आहेत’ (यातले ‘दे’ म्हणजे अनेकवचनी नामाआधी येणारे अनिश्चित उपपद), हे वाक्य नकारार्थी केले की ‘इल् न्या पा द शेझ’ होते, हे समजले. परंतु ‘या खुर्च्या नाहीत’ असे म्हणताना ‘स न सों पा दे शेझ’ यात ‘दे’ कायम का राहते, याचा नीट उलगडा होत नाही. पहिल्या वाक्यात वस्तूचे अस्तित्वच नाकारले जाते आणि दुसऱ्यात केवळ तिची ओळख, एवढे कारण पुरेसे आहे का?

शिवाय खिडकीबाहेरची ‘मोठी झाडे’ सांगताना अनेकवचनी विशेषण नामाच्या आधी येत असल्यामुळे ‘द ग्रांझार्ब्र’ लिहावे लागते. मग बोलण्यात ऐकू येणारे ‘दे ग्रांझार्ब्र’ लेखी परीक्षेत चूक धरतात का? मराठीत अशी उपपदेच नसल्याने कानावर विसंबता येत नाही. जाणकारांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.